वाघदेवाच्या रानातले लाल चौकोन

जांभळीपाडा, ता. नवापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रिस्किला हिस स्टीफनमामाचे आशीर्वाद.

तू मला ओळखणार नाहीस. तुझी आई लिडिया माझी आतेबहीण. तुला शेवटचं पाहिलं ते विसरवाडीच्या एका लग्नात. तू नऊ वर्षांची होतीस आणि मंडपाचे खांब हात लावून मोजत होतीस. बावीस म्हणालीस. चोवीस होते.

पत्राचं कारण तक्रार आहे. आमच्या वनहक्क समितीला तालुक्याहून एक नकाशा आला. 'जंगलाची अवनती, नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४, उपग्रह छायाचित्रांवरून.' खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'नकाशा : प्रिस्किला वळवी, पुणे'. मी भिंग लावून वाचलं आणि लिडियाला फोन केला. ती म्हणाली, हो, माझीच. मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद आधी झाला, हे लिहून ठेवतो.

आमचं सामूहिक हक्काचं जंगल २१२ हेक्टर. त्यात तू पाच लाल डाग दाखवलेस. चार लहान आहेत, त्यांचं एक वेळ सोड. पाचवा ६.४ हेक्टरचा आहे आणि तो वाघदेवाच्या रानावर आहे. तालुक्याचं म्हणणं असं की पाच हेक्टरच्या वरचा सलग डाग म्हणजे उजाड जमीन, तिथे रोपवनाची योजना येणार. म्हणजे भोवती चर, तारेचं कुंपण आणि दहा वर्षं कोणी जवळ जायचं नाही. देवाचा दगड कुंपणाच्या आत आणि पूजा करणारे बाहेर! शिवाय रानाखालची मोहाची एकोणचाळीस झाडंही कुंपणात जातील. तो लाल रंग पुस.

मी सातवी पास. पाण्याच्या जळलेल्या मोटारी पुन्हा बांधतो, एकतीस वर्षं झाली. तांब्याच्या तारेचा एक वेढा कमी पडला तर मोटार तापते, म्हणून मोजून करायची सवय. त्याच सवयीमुळे समितीने मला सचिव केलं. नकाशा वाचायला माझा मी शिकलो. तुझा एक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. म्हणजे तुझा उपग्रह गुंठा गुंठा बघतो. चांगली गोष्ट आहे. पण गुंठ्यात काय आहे ते त्याला कळतं का?

उत्तर कागदावर पाठव. व्हॉट्सॲपवरचं वर सरकत जातं आणि फायलीला लावता येत नाही.

तुझा,
स्टीफनमामा


पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

ती. स्टीफनमामांना सप्रेम नमस्कार.

चोवीस खांब होते हे मला अठरा वर्षांनी कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, "स्टीफन म्हणाला ना, मग चोवीसच."

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही, कळत नाही. उपग्रहाला झाड दिसत नाही, पानांवरून परतलेला उजेड दिसतो. एकाच महिन्यातली दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून मी बघते की कुठल्या चौकोनातली पालवी कमी झाली. कमी झाली हे खात्रीने सांगता येतं. का कमी झाली ते पुण्यात बसून सांगता येत नाही. कुऱ्हाड असेल, कीड असेल, दरड असेल. ते जमिनीवर उभं राहूनच कळतं. आणि तुमचं जंगल मी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून सोबत पाच फॉर्म पाठवते आहे, एका डागाला एक. डागाच्या मध्यावर जायचं, चारी दिशांना फोटो काढायचे, मोबाईलमधलं ठिकाण नोंदवायचं आणि जे पाहिलं तेवढंच लिहायचं. सही करायची. तुमची सही आली की मी खाली माझी करते. मग ती नोंद पक्की आणि नकाशा त्याप्रमाणे बदलतो. मुदत १५ एप्रिल.

एकच सांगते, रागावू नका. डाग खोटे ठरवायला जाऊ नका. बघायला जा.

तुमची,
प्रिस्किला


जांभळीपाडा
१६ मार्च २०२५

चि. प्रिस्किला हिस आशीर्वाद.

पाचही फॉर्म जोडले आहेत. पेनाने भरलेत, खाडाखोड नाही.

पहिला डाग सागाचा. सप्टेंबरपासून किडीने पानं खाल्ली, नुसत्या शिरा राहिल्या, जाळीदार. नोव्हेंबरच्या चित्रात तू ती जाळी पाहिलीस. झाडं जिवंत आहेत, १८६ मोजली. दुसरा डाग ऐकून तू हसशील. तिथे समितीने दोन हेक्टरवरची घाणेरी मुळासकट उपटली. नकाशात जे वर्षानुवर्षं हिरवंगार दिसत होतं ते घाणेरीचं रान होतं, त्याखाली गवताची काडी उगवत नव्हती. आम्ही जंगल साफ केलं आणि तुझ्या उपग्रहाने आम्हाला लाल शेरा दिला! तिसरा ओढ्याकाठी खचलेल्या दरडीचा. फोटोत मातीच बोलते आहे.

चौथा खरा आहे. सागाचे तेवीस बुडखे. करवतीने कापलेले, वर पालापाचोळा टाकून झाकलेले. हे आमच्या गस्तीच्या वाटेपासून दीडशे मीटरवर आहे आणि आम्हाला माहीत नव्हतं. लिहायला लाज वाटली, पण लिहिलं. आता गस्तीची वाट बदलली आहे.

पाचवा, वाघदेवाचं रान : 'कोणताही बदल नाही. नकाशातील खूण चुकीची.' सही केली आहे.

हे सगळं मोठ्या कागदावर छापायला नंदुरबारला गेलो होतो. झेरॉक्सवाला गुंडाळी उलगडत म्हणाला, "काका, हाऊ नकाशा शे का लुगडं शे?" मी म्हटलं, भाचीने विणलंय.

बाकी ठीक. दुकानात उंदरांनी उच्छाद मांडलाय. मोटारीच्या खाचेत घालायचा कागद कुरतडून ठेवतात. गेल्या पावसाळ्यापासून फारच झालेत.

तुझा,
स्टीफनमामा


पुणे
२ एप्रिल २०२५

ती. मामांना सप्रेम नमस्कार.

इतके नीट भरलेले फॉर्म आमच्या कार्यालयात कधी आले नव्हते. घाणेरीचा फॉर्म तर मी सगळ्यांना वाचून दाखवला. साहेब म्हणाले, या माणसाला पगारावर घ्या. चारही नोंदी पक्क्या झाल्या.

पाचव्याबद्दल विचारायचं आहे. बाकीच्या चार डागांचे फोटो चार दिशांचे आहेत, पाचव्याचे चारही एकाच दिशेचे. सगळे तीन मिनिटांत काढलेले. मोबाईलने नोंदवलेलं ठिकाण रानाच्या कडेपासून चाळीस मीटर बाहेर आहे.

मी महिन्यामहिन्याची चित्रं काढून पाहिली. २०२४च्या जानेवारीपासून ते रान तपकिरी होत गेलं. त्या पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं हिरवं झालं, हे पूर्वीसारखं झालं नाही. ६४० चौकोन आहेत, मामा. एवढे चौकोन एकदम चुकत नाहीत.

तुम्ही आत गेला होतात का?

प्रिस्किला


जांभळीपाडा
११ एप्रिल २०२५

प्रिस्किला,

वाघदेवाच्या रानात कोणी जात नाही. दगड कडेला आहे, पूजा दगडापाशी होते, पलीकडे पाऊल नाही. आमचं घर चर्चचं. माझ्या आजोबांच्या वेळी चर्च बांधलं तेव्हा वाघदेवाला मानणाऱ्या घरांनी पायाचे दगड वाहून आणले, आणि आमच्या लोकांनी शब्द दिला की त्यांचं रान आम्ही ओलांडणार नाही. तो शब्द मी मोडू?

जिथे कोणी जातच नाही तिथे कुऱ्हाड कशी जाईल? जे सगळ्यात राखलेलं, तेच तुम्हाला उजाड दिसतं. मी लिहिलं ते खात्रीने लिहिलं. एकतीस वर्षांत मी बांधलेली एक मोटार कोणी परत आणली नाही. माझी सही पुरेशी नसेल तर तुमची तुम्ही बघा.

स्टीफन गावित
सचिव

(मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

प्रिस्किला बेटा, मी सुसानामामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. तुझे मामा आत गेले नाहीत. कडेला उभे राहून फोटो काढले आणि त्या दिवसापासून जेवताना बोलत नाहीत. परवा एका मोटारीचे वेढे तीनदा मोजले. तू माघार घेऊ नकोस. ह्यांना खरं बोलायला वेळ लागतो, पण बोलले की मग थांबत नाहीत.


पुणे
२१ एप्रिल २०२५

ती. मामा आणि मामी,

दोघांचं पत्र एकाच पाकिटात मिळालं.

मामा, मीही एक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक आमराई जंगल म्हणून दाखवली. 'वनक्षेत्रात वाढ' म्हणून माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. पंधरा दिवसांत मला चूक कळली. मी आठ महिने गप्प बसले. मी खात्रीने रंगवलं होतं ना, मग कोण विचारणार, असं म्हणत राहिले. शेवटी सांगितलं तेव्हा कोणी ओरडलं नाही. त्या आठ महिन्यांचीच मला अजून लाज वाटते.

पाचव्या डागाखाली मी सही करू शकत नाही, आणि तो खोटा असं म्हणूही शकत नाही. सध्या 'न तपासलेला' असं लिहून ठेवलंय. तुमचा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, पुढे पाठवलेला नाही. योजनेची अंतिम यादी दिवाळीनंतर लागेल. तोपर्यंत पक्की नोंद आली नाही तर ६.४ हेक्टर आपोआप यादीत जाईल. मग चर खणायला येणारे लोक दगड ओलांडताना कोणाला विचारणार नाहीत.

आत जायला ज्याला परवानगी असेल असं गावात कोणीच नाही का?

तुमची,
प्रिस्किला


जांभळीपाडा
२९ जून २०२५

चि. प्रिस्किला हिस आशीर्वाद.

दोन महिने उत्तर दिलं नाही. रागाने नाही. पहिले दहा-बारा दिवस रागाने, नंतर नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीने अडकलो. आत जायची परवानगी एका घराला आहे. पुजाऱ्याच्या. पुजारी वारले, मुलगा मिथुन सुरतेला कामाला, घरी त्याची आई तुळशीबाई. वय अडुसष्ट. रानात काही पडलं-झडलं तर त्या घराने आत जाऊन बघायचं अशी रीत आहे. पण त्याला एक अट आहे. पडल्याची खबर जो आणेल त्याने आधी दगडापाशी उभं राहून लोकांसमोर सांगायचं की मला हे कसं कळलं. खोटी खबर देऊन कोणी लाकडासाठी आत शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी घातलेली अट. ही अट मला माहीत होती. म्हणूनच दोन महिने लागले.

गेल्या रविवारी चर्चहून परस्पर तिच्याकडे गेलो. ती अंगणात मोहाच्या बिया फोडत होती. बोलणं आमच्या मावची बोलीत झालं, मी मराठीत लिहितो.

मी म्हटलं, "काकी, वाघदेवाच्या रानात काहीतरी पडलंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"उपग्रहाने."

"तो कुठे राहतो?"

"वर. सातशे शहाऐंशी किलोमीटर."

ती बी फोडायची थांबली. "तो तिथून बघतो, आणि तू दोन शेतं पलीकडे राहतोस तर तुला दिसलं नाही?"

मी म्हटलं, "मी बघितलंच नाही. न बघता लिहून दिलं."

"लिहिणारा तू," ती म्हणाली. "आम्हाला तर अंगठा उठवायच्या आधी वाचून दाखवायचास. चल, हे दगडापाशी सांग."

सांगितलं. तीसेक माणसं होती. समितीचे अध्यक्ष फत्तेसिंग होते, त्यांनी तेवढ्यात विचारून घेतलं, "तेवीस बुडखेही असेच मोजलेस का?" ते मोजलेच होते, तसं सांगितलं. मग फॉर्मच्या माझ्याकडच्या नकलेवरचं वाक्य वाचलं : 'कोणताही बदल नाही.' आणि म्हटलं, हे मी चाळीस मीटर बाहेरून लिहिलं. लिहिताना मला आत काय आहे ते माहीत नव्हतं. आजही नाही. तुळशीबाईने चप्पल काढली आणि हात पुढे केला, "दे तो तुझा मोबाईल."

फोटो काढायला मी तिला तिथेच मोहाच्या झाडावर शिकवलं. सात फोटो तिच्या अंगठ्याचे आले. आठवा झाडाचा. मी अजून एकदा म्हणालो तर म्हणाली, "तुझी मोटार नाही ही, चालू झाली म्हणजे झाली." आणि गेली. मी दगडापाशी उभा. एक तास दहा मिनिटं.

बाहेर आली ती हसत आली. लुगड्याला वाळकी पानं चिकटलेली. म्हणाली, "देवाचे बांबू फुलून गेले रे!"

प्रिस्किला, तुला माहीत असेल, मला ऐकूनच माहीत होतं. मानवेल बांबू चाळीस-पन्नास वर्षांतून एकदा फुलतो, रानच्या रान एकदम. बी पडतं आणि बेट उभं वाळून मरतं. वाघदेवाचं रान कडेला साग-साजड, आत सगळा बांबू. कडेची झाडं हिरवी होती आणि मी कडाच बघत होतो. तुळशीबाईने हा फुलोरा आधी एकदा पाहिलेला, मोठ्या दुष्काळानंतरच्या सालात, तिचं लग्न ठरलं होतं तेव्हा. त्या वर्षी त्यांनी बांबूच्या बियांचा भात खाल्ला होता. ती मला म्हणाली, "बी पडलं की उंदीर माजतात. तुझ्या दुकानात एवढे उंदीर झाले, बाजारात सगळ्यांना सांगत फिरलास, तेव्हाच कळायला हवं होतं."

पण हसण्याचं कारण वेगळं आहे. फोटो क्रमांक १९ ते ३१ बघ. वर सगळं मेलेलं, गवताच्या गंजीसारखं आडवं-तिडवं. खाली रोपं. भाताच्या खाचरासारखी दाट, तिच्या गुडघ्याएवढी. तिने पाय कुठे टाकायचा म्हणून वाट शोधत फोटो काढलेत, म्हणून काही वाकडे आहेत. चारी दिशांचे आहेत. ठिकाण डागाच्या मध्यापासून अकरा मीटरवर. मी शिकवलं होतं त्यापेक्षा बरं केलंय.

तर तुझा उपग्रह बरोबर होता. मी चूक होतो. कुऱ्हाड गेली नाही, एवढंच माझं बरोबर होतं, आणि तेही अंदाजाने.

जुना फॉर्म परत पाठव. फाडू नकोस. मला तो दुरुस्त करायचा आहे.

तुझा,
स्टीफनमामा


पुणे
१२ जुलै २०२५

ती. मामांना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून वाचलं, टेबलापर्यंत जायला धीर नव्हता. फोटो १९ ते ३१ आता आमच्या भिंतीवर आहेत. अंगठ्याचे सातही ठेवलेत, एका फाइलला 'तुळशीबाई' असं नाव देऊन.

अडचण अशी की आमच्या यादीत 'फुलून मेलेला बांबू' असा प्रकारच नाही. तोड आहे, आग आहे, कीड आहे. हे नाही. मी नवा प्रकार घालायला अर्ज केला आणि साहेबांनी तालुक्याशी बोलून घेतलं. त्यांचं म्हणणं आलं : खाली आपोआप रोपं आली असतील तर तिथे खड्डे खणून दुसरी झाडं लावण्यात अर्थ नाही, डाग योजनेतून वगळता येईल. पण रोपं जगली पाहिजेत. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा. पाच वर्षं त्या रानात आणि कडेला बकरी नाही, आणि वाळलेल्या बांबूला आग लागू नये म्हणून भोवती पट्टा साफ ठेवायचा. रोपं बकरीने खाल्ली तर जमीन खरंच उजाड होईल आणि मग कुंपण येईलच.

म्हणजे तारेचं कुंपण नको असेल तर गावालाच कुंपण व्हावं लागेल. जमेल?

फॉर्म सोबत आहे. नोंदीत निरीक्षक म्हणून तुळशीबाईंचं नाव लिहा, पूर्ण.

तुमची,
प्रिस्किला


जांभळीपाडा
१० सप्टेंबर २०२५

चि. प्रिस्किला हिस आशीर्वाद.

ठराव झाला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, क्रमांक ७. नक्कल जोडली आहे.

सोपं गेलं नाही. पावसाळ्यात त्या उतारावरच चांगला चारा असतो. मी उभं राहून सगळं समजावलं : किती रोपं, किती वर्षं, बकरी शेंडा खाते म्हणजे काय होतं. माणसं ऐकत होती. मग फत्तेसिंग मागून म्हणाले, "ते राहू दे. आधी सचिवांच्या अकरा बकऱ्या कुठे चरतात ते सांगा."

हशा झाला. बकऱ्या त्याच उतारावर चरत होत्या.

सुसाना बायकांच्या बाजूला बसली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "उद्यापासून ओढ्यापलीकडे. मी नेते. ह्यांना काय, हे मोजतील फक्त." त्यानंतर हात वर यायला वेळ लागला नाही. ८४ हात. तुळशीबाईने दोन्ही वर केले, मी एकच धरला.

फॉर्म दुरुस्त केला. जुन्या वाक्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं : 'न पाहता लिहिले. पुढील नोंद पाहून.' सही, तारीख. नवी नोंद तुळशीबाई फुलजी गावित यांच्या नावावर. तिला वाचून दाखवली. तिने एक दुरुस्ती सांगितली, मी 'दाट रोपे' लिहिलं होतं, ती म्हणाली, "पूर्वेला विरळ आहेत, तेही लिही." लिहिलं.

बकऱ्या ओढ्यापलीकडे जातात. दोन वेळा चुकून परत आल्या, एकदा माझी आणि एकदा फत्तेसिंगांची. त्यांची मी त्यांच्या दारापर्यंत पोचवली. फार बरं वाटलं.

तुझा,
स्टीफनमामा


पुणे
५ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना सप्रेम नमस्कार.

यादी लागली. वाघदेवाचं रान त्यात नाही! पाच वर्षांसाठी 'गावाच्या राखणीत, नैसर्गिक पुनरुत्पत्ती' असा शेरा आहे, आणि आमच्या तक्त्यात आता 'बांबू फुलोरा' हा प्रकार आहे. आईला सांगितलं तर तिला आधी आनंदाने रडू आलं आणि मग तुमच्या बकऱ्यांवरून हसू.

आणखी एक भेट. पावसानंतरचं पहिलं स्वच्छ चित्र आलं आहे. ६४० पैकी ५७१ चौकोन हिरवे झाले! म्हणून नव्या नकाशाचा कच्चा कागद पाठवते, त्यात पाचवा डाग मी काढून टाकला आहे. तुम्ही पहिल्या पत्रात जो लाल रंग पुसायला सांगितला होता तो पुसला. तुमचं 'बरोबर' आलं की छापायला देते.

नाताळला येते आहे. दगडापर्यंतच जाईन.

तुमची,
प्रिस्किला


जांभळीपाडा
१४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रिस्किला हिस आशीर्वाद.

यादीचं पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं. तुळशीबाईला घरी जाऊन सांगितलं. म्हणाली, "मग आता उपग्रहाला जेवायला बोलाव." मी म्हटलं, भाची येते आहे नाताळला. म्हणाली, ती चालेल. मोहाचे लाडू करून ठेवते म्हणाली.

आता नकाशाचं. छापायला देऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुळशीबाई परत आत जाऊन आली, ह्या वेळीही खबर मीच दिली, 'हिरवं झालंय म्हणतात' अशी. तिने काठीने मापून आणलं. रोपं कमरेला लागत नाहीत, मांडीपर्यंत आहेत. पूर्वेला तर गुडघ्याएवढीच, आणि त्यात टाकळा आणि गवत जास्त. तुला जे हिरवं दिसलं त्यातलं बरंचसं ते आहे. फेब्रुवारीत वाळून जाईल. मागे घाणेरीचं हिरवं तुला जंगल वाटलं होतं, आठव. बांबूचं बेट उभं राहायला अजून सहा-सात पावसाळे लागतील. ५७१ चौकोन पालवीने भरलेत हे मला मान्य आहे. जंगलाने भरलेले नाहीत.

लाल ठेवलं तर योजना परत येईल का, याची मी तालुक्याला जाऊन लेखी खात्री केली. येत नाही, ठराव आहे तोवर. तेव्हा घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं कारण दुसरं आहे. तुझा कच्चा कागद मी समितीत दाखवला. फत्तेसिंगांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "हिरवं झालं म्हणजे झालं की. मग बकऱ्यांचं काय?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी कागदाची घडी करून खिशात घातली. नऊ महिन्यांपूर्वी हाच डाग पुसायला मी तुला तीन पानं लिहिली होती. आता एकच ओळ लिहितो : तो लाल ठेव, अगदी ठळक, आणि मोठा छापून पाठव, पंचायतीच्या दारावर लावायचा आहे. तो हिरवा झाला की फत्तेसिंग बकऱ्या सोडतील, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मागोमाग माझ्याही सुटतील.

तुझा,
स्टीफनमामा